जुन्या बाजारात रॅले सायकल सापडलीये, तीन गिअरवाली. घेऊ का?

धायरीचा_पायडलवाला

मंडळी जरा घाईत सल्ला हवाय. रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो होतो, खरं तर पान्यांचा सेट बघायला, आणि एका भंगारवाल्याकडे कुलर आणि पंख्यांच्या ढिगामागं एक काळी सायकल टेकवलेली दिसली. समोरच्या बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं, खाली रॅले नॉटिंगहॅम इंग्लंड वाचता येतंय, चेनव्हीलमध्येपण (पायडलजवळची दातेरी चकती) बगळेच कापलेत. रॉड ब्रेक (वायरऐवजी सळईचे), २८ ची चाकं. मागचा हब, म्हणजे चाकाच्या मधला भाग, नेहमीपेक्षा जाडजूड, कापडानं पुसल्यावर स्टर्मी आर्चर (गिअर बनवणारी कंपनी), ए डब्ल्यू आणि ५१ असं दिसलं. गिअरची वायर नाही, लिव्हर नाही. सीटचं चामडं फाटलंय, मागचा मडगार्ड दुसऱ्याच सायकलचा आहे, पायडल आपल्याकडचेच नवीन.

७००० म्हणाला, मी निघालो तर ५००० वर आला. चालवून बघितली दहा-वीस फूट पण इतकी जड जाते की विचारू नका, म्हणून शंका येतीये की हब आतून गेलाय का. डाव्या क्रँकलापण, म्हणजे पायडलच्या दांड्याला, खेळ आहे. बुधवारी परत बाजार आहे, तोपर्यंत ठेवतो म्हणालाय. माझ्या आजोबांची अशीच होती, आम्ही लहान असताना ती विकली आणि ते मला अजून लागतं, त्यामुळे मी आत्ता नीट विचार करत नाहीये हे मला कळतंय. तुम्ही सांगा.

भोरचा_मिस्त्री

दादा आधी जड का जाते ते सांगतो, म्हणजे जीव भांड्यात पडेल. ए डब्ल्यू म्हणजे तीन गिअरचा हब, त्याला वायर नसली की तो आपोआप टॉप गिअरमध्ये जातो. मधला गिअर सरळ एकास एक, खालचा त्याच्या पाऊणपट आणि वरचा सव्वापटीच्यापण वर, एकाला एक आणि एक तृतीयांश. म्हणजे तुम्ही बाजारातल्या गर्दीत, हवा कमी असलेल्या टायरवर, थेट टॉपला सायकल उचलत होता. जड जाणारच. हब खराब आहे असं यावरून अजिबात म्हणता येत नाही. उलट भंगारवाल्याला हे माहीत नसतं आणि गिऱ्हाइकालाही नसतं, त्यामुळे अशा सायकली महिनोन्महिने पडून राहतात, याच कारणानं मला दोन चांगल्या मिळाल्यात.

आता बुधवारी हे बघा. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला एक्सलच्या भोकातून बारीक चेन बाहेर येते का, गिअरची वायर तिलाच जोडतात. चेन नसेल तर भोकात टॉर्च मारून बघा, कधीकधी चेन तुटते आणि तिची काडी आतच अडकून मोडलेली असते, ती काढायचा व्याप मोठा. भोक रिकामं असेल तर उत्तम, नवीन चेन घालता येते. मग चाक उचलून पुढं फिरवा आणि सोडा, आतून टिकटिक ऐकू आली पाहिजे, तो पॉलचा, म्हणजे हबच्या आतल्या खटक्यांचा आवाज. हबवर तेलासाठी छोटं टोपण असतं ते आहे का बघा. ५१ म्हणजे १९५१ सालचा हब, ते साल शिक्क्यातच असतं. फक्त लक्षात ठेवा, साल हबचं आहे, चाक कुणी मागाहून बसवलेलं असू शकतं, म्हणून त्यावरून फ्रेमचं वय ठरवू नका.

पण माझ्यासाठी हबपेक्षा फ्रेम महत्त्वाची. समोरच्या बिल्ल्याच्या मागं जिथं वरचा आणि खालचा पाइप जोडलाय तिथं खालच्या बाजूनं बोट फिरवा. फुगवटा किंवा लाट लागली तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलीये, रंगाखाली ते डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागतं. मग बाजूला दहा पावलं उभं राहून चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, बघा, हँडलच्या पाइपच्या रेषेतच खाली येऊन पुढं वळला पाहिजे, मागं दबलेला नको. सीटचा पाइप हलतो का तेपण बघा, पन्नास वर्षं एकाच उंचीवर राहिलेला पाइप आत गंजून बसतो आणि तो काढताना मी माणसं रडकुंडीला आलेली बघितलीत.

क्रँकचा खेळ म्हणजे बहुतेक कॉटर पिन, म्हणजे क्रँक एक्सलवर पक्की धरणारी पिन, झिजलीये किंवा ढिली आहे, त्याचं काही वाटून घेऊ नका. फक्त एक गोष्ट, बीबीचे (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सल फिरतो ती जागा) कप कुणालाही फेकू देऊ नका. नॉटिंगहॅमच्या रॅलेला इंचाला २६ आटे, बाकी बहुतेकांचे २४. दुकानातला नवा कप हाणून बसवला की फ्रेमचे आटे गेले, मग ती फ्रेम कायमची वाया. जुने कप तेच ठेवायचे, छर्रे नवे टाकायचे.

मंजिरी_शनिवार

५००० मला जास्त वाटतायत. सीट नाही, मडगार्ड नाही, लिव्हर नाही, चांगली चामड्याची सीट घ्यायला गेलात तर तिथंच सायकलीच्या निम्मी किंमत जाईल. आम्ही घरात तीन जुन्या सायकली जमवल्यात आणि दर वेळी एकच अनुभव, सायकल स्वस्त असते आणि तिच्यावर नसलेले पार्ट महाग पडतात. त्यामुळे भाव करताना काय आहे ते बघू नका, काय नाही ते मोजा आणि त्याच्यासमोर मोजा.

आणि खरं सांगू का, बाजारात येईपर्यंत सायकलीचं बरंच काही गेलेलं असतं. घंटी वेगळी विकली जाते, डायनामोचा दिवा वेगळा, पंप वेगळा. आमची हंबर सायकल आम्हाला पेठेतला एक वाडा पाडायला घेतला तेव्हा मिळाली. जिन्याखाली पोत्यांमागं होती, मालक आजींना विचारलं तर म्हणाल्या, ह्यांची आहे, ऑफिसला जायचे, घेऊन जा पण भंगारात घालू नका. मी पैसे दिले, त्या घेत नव्हत्या, बळेच दिले. तिच्यावर सगळं मूळचं होतं, प्रत्येक बाजूला दोन-दोन पाइपांचा चिमटा, चेनव्हीलमधली हातात हात घातलेली माणसं, आणि एक्सलला नगरपालिकेचा पितळी बिल्लासुद्धा. वाडा रिकामा होतोय असं कळलं की लोक भांडी आणि दारं-खिडक्या बघायला जातात, सायकल कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. पण माणसाला विचारा, नुसती उचलून आणू नका, त्या घरात कुणाची तरी रोजची आठवण असते ती.

अजून एक कळकळीचं, घेतलीत तर रंग देऊ नका. आमच्या पहिल्या सायकलीचं आम्ही तेच केलं, पावडर कोटिंग करून आणली, सोनेरी रेघा गेल्या, फ्रेमवरची अक्षरं गेली, आता ती नवीन सायकलीसारखी दिसते आणि मला तिच्याकडं बघवत नाही. थोडं तेल, जुनं सुती फडकं आणि दोन रविवार, बास. रंगाखालून जे निघतं ते बघा आधी.

बाय द वे कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल म्युझियम बघितलं नसेल तर बुधवारच्या आधी बघून या. मूळची सायकल कशी असते हे एकदा डोळ्यात बसलं की बाजारात फसायला होत नाही.

गिरगावकर_६७

मी चोरबाजारात कॉलेजपासून जातोय, शुक्रवारी पहाटेचा जो बाजार भरतो तिथं. माझं म्हणणं एवढंच, नावाला भुलू नका. आपल्याकडं ज्याच्या त्याच्या तोंडी असतं की इंग्लंडची आहे साहेब. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि हीच नावं इथं बनायला लागली. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला, तिथं रॅले, हंबर, रज, रॉबिन हूड सगळ्या बनायच्या. मद्रासला टीआय सायकल्स १९४९ ची, त्यांनी हर्क्युलस, फिलिप्स, बीएसए काढल्या. त्यामुळे हर्क्युलस दिसली की ती बर्मिंगहॅमची असण्यापेक्षा मद्रासची असण्याची शक्यता कितीतरी जास्त. त्यात वाईट काही नाही हां, आसनसोलची जुनी रॅले मी स्वतः वापरतो आणि दणकट आहे, पण तिला विलायती म्हणून विलायती भाव द्यायचा नाही.

मी एकदा दिलाय. एका दुकानात बीएसए घेतली, फ्रेमवर मेड इन इंग्लंडची पट्टी, बिल्ला चकचकीत. घरी येऊन पुसायला घेतली तर पट्टी ओल्या फडक्याबरोबर निघून आली. खाली वेगळंच नाव. परत गेलो तर ओळखच देईनात. तेव्हापासून नियम, बिल्ल्याचे रिवेट बघायचे. कडेला खरवडलेलं असेल, रिवेटऐवजी स्क्रू असतील, तर बिल्ला दुसऱ्या सायकलचा.

तुमच्या वर्णनात चेनव्हील, बिल्ला आणि हब तिन्ही एकमेकांना धरून आहेत, ते चांगलं लक्षण आहे.

आणि पावती. साध्या कागदावर का होईना, फ्रेमचा नंबर, तारीख, रक्कम, विकणाऱ्याचं नाव आणि सही. जुन्या सायकलीसुद्धा चोरीला जातात, आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाची चोरलेली सायकल आपण हौसेनं वापरतोय असं व्हायला नको. जो पावती द्यायला नाही म्हणतो त्याच्याकडून मी घेत नाही, कितीही आवडली तरी.

धायरीचा_पायडलवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉप गिअरचं वाचून खरंच हायसं वाटलं. एक विचारायचं राहिलं, समजा घेतली तर लिव्हर आणि ती बारीक चेन मिळणार कुठं? बोहरी आळीपासून सगळीकडं फोन केले, तीन गिअर म्हटलं की लोक हसतायत. आणि मागची रिम आतल्या बाजूनं गंजलीये, ब्रेकचे रबर जिथं घासतात तिथं.

नॉटिंगहॅमला_असतो

नमस्कार, मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षं इथं. तुमची सायकल जिथं बनली तिथून लिहितोय म्हणून राहवलं नाही. आता कारखाना नाही, त्या जागेवर युनिव्हर्सिटीचा ज्युबिली कॅम्पस आहे, मी रोज तिथूनच जातो.

लिव्हरची काळजी करू नका. स्टर्मी आर्चर २००० साली तैवानच्या सनरेसनं घेतली आणि तीन गिअरचे हब, लिव्हर, चेन हे सगळं अजून नवीन बनतं. ऑनलाइन मागवता येतं. फक्त चेन मागवायच्या आधी एक्सलची लांबी मोजा, दोन मापं जास्त दिसतात, पावणेसहा इंच आणि सव्वासहा इंच, आणि चेनची काडी त्याप्रमाणं लहानमोठी येते.

जुनीच लिव्हर हवी असेल तर इथं रविवारी सकाळी कार बूट सेल भरतात. मैदानात लोक गाड्या लावतात आणि डिकीतून घरातलं जुनं सामान विकतात. मी उजाडायच्या आत जातो कारण सायकलवाले सगळे तेव्हाच येतात, आठ वाजता पोचलात तर फक्त मुलांच्या सायकली उरलेल्या असतात. एकदा पावसाची सकाळ होती, अर्धे लोक आलेच नाहीत, आणि एका आजोबांकडून त्यांच्या बायकोची हिरवी रॅले २५ पौंडांना घेतली, डायनोहबसकट, म्हणजे पुढच्या चाकाच्या हबमध्येच दिव्यासाठी वीज तयार होते ती. त्यांनी टूलबॅगेतला पानासुद्धा दिला आणि कुठं कुठं गेले होते दोघं ते सांगत बसले. पावसात गिऱ्हाईक कमी असतं आणि माणसं बोलतात, हे मी सांगलीच्या बाजारातपण बघितलंय.

मला ए डब्ल्यूची जुनी लिव्हर मिळाली तर डिसेंबरमध्ये येताना घेऊन येईन, निरोपात लिहा.

भोरचा_मिस्त्री

रिमचं मी सांगतो. रॉड ब्रेकचा रबर रिमच्या आतून लागतो म्हणून तिथलं क्रोम आधी जातं. वरवरचा गंज असेल तर पितळी ब्रशनं साफ होतो. पापुद्रे निघत असतील तर रिम बदला, २८ ची आपल्याकडची रिम कुठल्याही तालुक्याला मिळते. आरे मात्र मोजून घ्या, पुढं ३२ मागं ४० असतील तर आपली रिम जशीच्या तशी बसते, तीच पद्धत आपल्याकडं चालत आलीये. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, चांगल्या माणसाकडून काढून घ्या.

धायरीचा_पायडलवाला

आणली!! ३८०० ला. मंजिरीताई म्हणाल्या तसं त्याच्यासमोर बसून नसलेले पार्ट मोजले, त्यालापण पटलं. बोट फिरवलं, लाट नाही. चिमटा सरळ. भोक रिकामं आहे आणि टिकटिक येते. पावती घेतली, फ्रेम नंबर लिहून, त्यानं आधार कार्डपण दाखवलं, एका घराचं सामान उचललं त्यात आली म्हणाला. बाजारातून धायरीपर्यंत हातात धरून चालत आणली, टॉप गिअरला चालवायची हिंमत नव्हती. वडील दारात उभे होते, त्यांनी काही न बोलता हँडलवर हात ठेवला आणि घंटीच्या जागी अंगठा फिरवत राहिले.

काल तेल आणि फडकं घेऊन बसलो तर काळ्या खालून सोनेरी रेघ निघालीये मागच्या चिमट्यावर.

आता अडलंय ते कॉटर पिनवर. डावी निघतच नाही. हातोडी घेऊन बसलोय पण मारायची भीती वाटते.

भोरचा_मिस्त्री

अभिनंदन दादा. थांबा, मारू नका अजून. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पिनेवर पातळ तेल सोडा. मग नट पूर्ण काढायचा नाही, पिनेच्या टोकाला समांतर येईल इतकाच ढिला करायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. क्रँकच्या खाली, पिनेचं डोकं ज्या बाजूला आहे तिथं, लोखंडी पाइपचा तुकडा उभा ठेवायचा, डोकं पाइपच्या पोकळीत आलं पाहिजे आणि पाइप जमिनीवर पक्का टेकला पाहिजे. आधार नसला की सगळा मार बीबीच्या छर्ऱ्यांवर जातो आणि कपाला खड्डे पडतात, आणि ते कप मिळत नाहीत हे आधी बोललोय. मग जड हातोडीनं एकच दणका, सरळ. दहा हलके घाव घातलेत तर पिन वाकते आणि मग ड्रिल लागतं. नवी पिन घेताना जुनी बरोबर न्या, रॅलेची थोडी जाड असते, साडेनऊ मिलिमीटर, ९ ची दिली तर परत खेळ येईल. नाही निघाली तर शनिवारी भोरला घेऊन या, माझ्याकडं प्रेस आहे.