कंपनीच्या पैशातून चालणारा मोफत कोर्स: मुलीला पाठवावं का?

आश्रमशाळा_बाई: आमच्या शाळेतली एक मुलगी बारावी झालीय. आईवडील ऊसतोडीला जातात. एका कंपनीच्या सीएसआर निधीतून (समाजकामासाठी काढलेले पैसे) चाकणजवळ 3 महिन्यांचा निवासी कोर्स आहे, एसी-फ्रिज दुरुस्तीचा. शेवटी नोकरी लावून देऊ म्हणतात. घरचे एकदाच, फार तर 2000 रुपये उभे करतील. कोर्स पारखायचा कसा?

वेल्डिंगवाला: आयटीआय. दुसरा विचारच नको. 3 महिन्यांत पाना धरता येतो, काम येत नाही. मी फिटर केलं, आज माझ्या हाताखाली पोरं आहेत.

गोदाकाठ: भाच्याला सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) खाजगी क्लासला घातला. 70 हजार गेले, पण लगेच कामाला लागला. पैशाकडे बघू नका ताई, कर्ज काढा.

आश्रमशाळा_बाई: 2000 म्हटलंय हो. मुकादमाची उचल आधीच अंगावर आहे.

कलम_वाचक: सीएसआर म्हणजे दानधर्म नव्हे. कंपनी कायदा 2013, कलम 135. आधीच्या 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के खर्च करायचेच असतात. तेव्हा संकोच न करता प्रश्न विचारा.

गोदाकाठ: सगळ्या कंपन्यांना लागू नाही ते.

कलम_वाचक: नाहीच. नेटवर्थ 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक तरी हवं.

माळरान: नोकरी लावतात, प्रश्न पुढचा असतो. माझ्या धाकट्या भावाला एका संस्थेने कोर्सनंतर परक्या शहरात लावलं. हॉस्टेल कोर्सपुरतंच. खोलीचं डिपॉझिट, डबा, बसभाडं, सगळं पहिल्या पगाराआधी. दिवाळीच्या आत घरी परतला, संस्थेच्या कागदावर मात्र ‘नोकरी लागली’ हीच नोंद राहिली. अजून संताप होतो. मागच्या बॅचमधल्या किती मुली सहा महिन्यांनीही कामावर आहेत ते विचारा, एकीदोघींशी फोनवर बोला. नेमणूकपत्र कंपनीचं की ठेकेदाराचं? पहिला पगार होईतो राहायचं कुठे? आणि मूळ दाखले जमा करू नका, झेरॉक्स द्या.

शॉपफ्लोअर: अप्रेंटिसशिपचं कुणीच बोललं नाही. 1961 चा कायदा आहे. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, विद्यावेतन देऊन. कोर्सनंतर नुसती ‘ट्रेनी’ म्हणून राबवणार की सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर करार नोंदवणार, हे आधीच विचारा.

वेल्डिंगवाला: आयटीआयच. आणि मूळ दाखले देऊ नका.

आश्रमशाळा_बाई: सगळ्यांचे आभार. वेल्डिंगवाल्यांचं मत आयटीआय, पण ती कोर्सला जातेय. आयटीआयसाठी कमाईशिवाय दोन वर्षं थांबली तर साखर कारखाने सुरू होण्याआधी घरचे लग्न लावून तिचाही कोयता (ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी) करतील, ही तिची भीती आहे आणि ती खरी आहे. मागच्या बॅचच्या मुलीशी आम्ही बोललो. नेमणूकपत्र ठेकेदाराचं असतं, ते मला पटलेलं नाही. पण पहिल्या पगारापर्यंत हॉस्टेल देऊ, असं संस्थेने लिहून दिलंय. सोबत झेरॉक्सच नेतेय.

वेल्डिंगवाला: मला नाही पटलं. जातेयच तर सांगा, तांब्याच्या नळीचं ब्रेझिंग (तापवून सांधणं) स्वतःच्या हाताने करायला मागायचं. सर करून दाखवतात आणि बाकीचे नुसते बघतात, तसं चालणार नाही. मला व्यनि करा, मी भोसरीला आहे.