नोकरांनीच मालकाचे घर लुटल्याच्या ऐतिहासिक कादंबऱ्या सुचवाव्यात

नौपाडा_वाचनकट्टा

नमस्कार. ठाण्यात नौपाडा आणि पाचपाखाडी परिसरातल्या आम्हा काही जणींचे वाचनमंडळ आहे. आगामी बैठकांसाठी आम्हाला अशी ऐतिहासिक कादंबरी हवी आहे, जिच्यात एखाद्या धनाढ्य घरात राबणारे नोकरचाकर एकत्र येऊन तेच घर लुटतात. हा विषय आमच्या चर्चेतूनच निघाला. आमच्या भागातल्या काही गृहसंकुलांत घरकामाला येणाऱ्या मावशींची पिशवी संध्याकाळी फाटकावर उघडून पाहिली जाते. त्याच मावशींच्या हाती घराची किल्ली, कपाटे आणि तान्हे मूलही दिवसभर सोपवलेले असते. इतका विश्वास आणि इतका संशय एकाच माणसावर एकाच वेळी कसा टाकला जातो, या प्रश्नाला भिडणारी गोष्ट आम्ही शोधत आहोत.

अपेक्षा अशा आहेत की काळाचे तपशील खरे असावेत, चोरीची आखणी पटण्याजोगी असावी आणि नोकर हे गोष्टीचे खरे नायक असावेत; विनोदासाठी किंवा निरोप पोहोचवण्यासाठी आणलेली पात्रे नकोत. आमच्यातल्या दोन ज्येष्ठ सभासद केवळ मराठी वाचतात, त्यामुळे निदान एक पुस्तक मराठीत मिळणारे असावे. कृपया शेवट उघड करू नये.

घोडबंदर_वाचक

ताई, आपण वर्णन केले आहे तंतोतंत तसेच पुस्तक आहे: अ‍ॅलेक्स हे यांची २०२३ साली प्रसिद्ध झालेली 'द हाउसकीपर्स'. काळ १९०५ चा, स्थळ लंडनमधील पार्क लेन या अतिश्रीमंत वस्तीतला एक प्रासादतुल्य वाडा. तिथली मुख्य कारभारीण मिसेस किंग हिला कामावरून काढून टाकले जाते आणि ती, त्या घराशी किंवा गुन्हेगारी जगाशी जुना संबंध असलेल्या काही बायकांना गोळा करून, मालकिणीने योजलेल्या वेषांतर-नृत्याच्या रात्रीच ते घर लुटण्याचा बेत आखते. लूट म्हणजे एखादा हिरा किंवा तिजोरी नव्हे. गालिचे, चित्रे, फर्निचर, सगळे घरच रिकामे करायचे असते.

मला या कादंबरीचे मोल वाटते ते तिच्या मूळ धारणेमुळे. अशा वाड्यातले सगळ्यांत मोठे गुपित म्हणजे त्याची दिनचर्या, आणि ती मालकापेक्षा नोकरांना अधिक ठाऊक असते. कोणता जिना कधी मोकळा असतो, कोळसा कोणत्या दाराने येतो, कोणाच्या खोलीतली घंटा वाजली की कोण धावते, पाहुणे कोणाकडे मान वळवून पाहतात आणि कोणाकडे कधीच पाहत नाहीत, हे सारे त्यांनी वर्षानुवर्षे राबून कमावलेले ज्ञान आहे. मिसेस किंगची योजना याच ज्ञानावर उभी आहे. शिवाय त्या घरात एक अन्याय दडलेला आहे आणि तो जसजसा उलगडतो तसतसा लुटीचा अर्थ बदलत जातो; त्याविषयी अधिक सांगत नाही.

उणिवाही सांगतो. पात्रे बरीच आहेत आणि पहिल्या भागात त्यांची ओळख पटेपर्यंत वाचकाला धीर धरावा लागतो. पाहुण्यांची वर्दळ असताना एवढे सामान एका रात्रीत हलवणे कितपत शक्य आहे, हा प्रश्नही मनात राहतो. तरीही चर्चेसाठी याहून योग्य पुस्तक मला सुचत नाही.

नेरुळ_इतिहास

वरच्या शिफारशीला माझे पूर्ण अनुमोदन. मंडळाने हे पुस्तक घेतलेच तर त्या काळाविषयी थोडी पूर्वतयारी करून बसावे, कारण तिच्यामुळे कादंबरीतले भय अधिक खरे वाटते.

नृत्याच्या रात्रीची कल्पना हवेतली नाही. २ जुलै १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने लंडनच्या डेव्हनशायर हाउसमध्ये असाच वेषांतर-नृत्याचा समारंभ झाला होता आणि त्यातल्या पाहुण्यांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. त्या छायाचित्रांतले दागिने आणि भरजरी पोशाख पाहताना ते कोणी शिवले, कोणी इस्त्री केले आणि पहाटे कोणी घडी घालून ठेवले, हा प्रश्न आपल्या मंडळात जरूर विचारावा.

नोकराचे खरे भांडवल म्हणजे मालकाने दिलेले चारित्र्याचे प्रमाणपत्र. ते नाकारले गेले तर चांगल्या घरात दुसरे काम मिळणे जवळपास अशक्य होई, आणि ते देण्याची कायदेशीर सक्ती मालकावर नव्हती. म्हणून कारभारिणीला काढून टाकणे ही केवळ नोकरी जाण्याची गोष्ट नसून तिच्या पुढच्या सगळ्या नोकऱ्या जाण्याची गोष्ट असते.

शिक्षेचेही तसेच. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा अधिक किमतीची वस्तू चोरणे हा फाशीचा गुन्हा होता, आणि आरोपीचा जीव वाचावा म्हणून पंच (ज्यूरी) अनेकदा चोरलेल्या मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग ठरवीत. पुढे १८६१ च्या कायद्यात मालकाच्या घरी चोरी करणाऱ्या नोकराला १४ वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद होती. आपल्याकडच्या १८६० च्या भारतीय दंड संहितेतही (ती २०२४ पर्यंत लागू होती) हीच दृष्टी होती: साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, पण नोकराने मालकाची चोरी केली तर कलम ३८१ खाली ७ वर्षांपर्यंत. नोकराचा गुन्हा अधिक मोठा मानायचा, कारण त्याने विश्वासघात केला. मालकाने नोकराच्या विश्वासाचा घात केला तर काय, याचे उत्तर त्या कलमात सापडत नाही. ही कादंबरी ते शोधते.

नौपाडा_वाचनकट्टा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फाटकावरच्या पिशवीचा प्रश्न कलम ३८१ पर्यंत जाऊन पोहोचेल असे वाटले नव्हते. आता मराठीतल्या पुस्तकाविषयी कोणी मार्गदर्शन करेल का? आमच्या ज्येष्ठ सभासदांना चर्चेत केवळ श्रोत्या म्हणून बसवणे मला योग्य वाटत नाही.

वाशी_नाट्यप्रेमी

आपण कादंबरी मागितली आहे, तरीही मी आग्रहाने नाटक सुचवतो: शूद्रकाचे 'मृच्छकटिक', मराठीत गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत मृच्छकटिक'च्या रूपात. मूळ संस्कृत नाटकाची मराठी भाषांतरेही आहेत आणि चर्चेसाठी तिसरा व चौथा अंक तेवढे पुरेसे आहेत.

यातला शर्विलक कोणाचा नोकर नाही, तो ब्राह्मण आहे. त्याचे प्रेम मात्र मदनिकेवर आहे आणि मदनिका ही वसंतसेना या गणिकेची दासी. तिला दास्यातून सोडवायचे तर मोल द्यावे लागेल आणि ते त्याच्याजवळ नाही. म्हणून तो रात्री नाटकाचा नायक चारुदत्त याच्या घराची भिंत फोडतो. हे सगळे साहस एका दासीच्या मुक्तीसाठी आहे, आणि म्हणून ते आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी येते.

चोरीचे तपशील तर विलक्षण आहेत. भाजक्या विटा असतील तर त्या ओढून काढाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, माती असेल तर पाण्याने भिजवावी, लाकूड असेल तर चिरावे, अशी शास्त्रशुद्ध उजळणी शर्विलक करतो. भगदाडाला कोणता आकार द्यावा, कमळाचा, सूर्याचा, चंद्रकोरीचा, स्वस्तिकाचा की पूर्णकुंभाचा, याचाही तो विचार करतो आणि पूर्णकुंभ निवडतो. मोजायची दोरी विसरली म्हणून जानव्याने माप घेतो. दार कुरकुरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. आत शिरल्यावर त्याला कळते की हे घर दरिद्री झालेले आहे, आणि तेवढ्यात झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय दागिन्यांची पेटी स्वतःच त्याच्या हाती देतो. ते दागिने नेमके वसंतसेनेचेच असतात! चौथ्या अंकात मदनिका ते ओळखते, आणि त्यानंतर ती जो सल्ला देते त्यात तिची सारी बुद्धी आणि सचोटी दिसते. चोरी करणाऱ्यापेक्षा दासी शहाणी आहे हे इतक्या जुन्या नाटकात इतक्या सहजपणे येते, याचे मला प्रत्येक वाचनात अप्रूप वाटते.

तलावपाळी_संध्याकाळ

आणखी काही नावे थोडक्यात देते.

सारा वॉटर्स यांची 'फिंगरस्मिथ' (२००२) ही व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधली कादंबरी आहे. चोरांच्या वस्तीत वाढलेली मुलगी दासी बनून एका तरुण वारसदारिणीच्या घरात शिरते, तिच्या संपत्तीसाठी. लेखनाचा दर्जा फार वरचा आहे, मात्र त्यात प्रौढ प्रसंग आहेत आणि कथानकाच्या कलाटण्या इतक्या महत्त्वाच्या आहेत की कोणी आधी सारांश वाचू नये.

विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' (१८६८) जुनी आणि लांब असली तरी दोन कारणांनी घ्यावी. तिच्यातला हिरा १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले त्या धुमश्चक्रीत एका इंग्रज अधिकाऱ्याने लुटलेला आहे, म्हणजे ज्या घरातून तो नाहीसा होतो त्या घरात तो मुळात लुटीचाच माल आहे. दुसरे असे की गोष्टीचा मोठा भाग त्या घरचा वृद्ध कारभारी सांगतो. हिरा जाताच नोकरांना वाटू लागते की संशय आपल्यावर आहे, आणि पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेल्या रोझॅना या दासीची त्यात होणारी घालमेल वाचताना आपण मांडलेला फाटकावरच्या पिशवीचा प्रश्न मला सारखा आठवला.

जो बेकर यांच्या 'लाँगबोर्न' (२०१३) मध्ये चोरी नाही. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधले घर तिथे नोकरांच्या बाजूने दिसते. मुलींनी चिखलातून फिरून यायचे आणि त्यांचे कपडे दुसऱ्या कोणीतरी थंडीत हात फुटेपर्यंत धुवायचे, एवढ्यानेही तिचे काम होते.

नेरुळ_इतिहास

तलावपाळीताई, 'मूनस्टोन'चा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. घर लुटले जाते तेव्हा त्या घरातली संपत्ती कुठून आली हे जो लेखक विचारतो, त्याचीच कादंबरी मला या विषयावरची चांगली कादंबरी वाटते.

याच कारणाने पेशवाईतल्या एखाद्या वाड्यावर मराठीत अशी कादंबरी कोणीतरी लिहावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. साहित्य विपुल आहे. जामदारखाना (खजिना व मौल्यवान वस्त्रे), जवाहिरखाना, मुदपाकखाना (स्वयंपाकघर), फरासखाना (तंबू व गालिचे) असे एकेक खाते, प्रत्येकाचे हिशेब आणि प्रत्येकात राबणारी माणसे. कुणबिणी, म्हणजे गुलाम दासी, विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, पागेत आणि कोठीत कामाला लावल्या जात, आणि त्यांच्या नोंदी दप्तरांत सापडतात. ज्या वहीत दागिन्यांची मोजदाद आहे त्याच प्रकारच्या वहीत माणसांचीही मोजदाद आहे. जवाहिरखान्याची व्यवस्था रोज पाहणारी एखादी कुणबीण त्या वह्यांतून स्वतःचे नाव काढून घ्यायचे ठरवते, एवढ्या एका बीजावर मोठी कादंबरी उभी राहू शकेल.

नौपाडा_वाचनकट्टा

सर्वांचे आभार. पहिल्या बैठकीत 'मृच्छकटिक'चे दोन अंक आणि नंतर 'द हाउसकीपर्स' असा क्रम ठरवत आहोत. नाटकाच्या प्रतींसाठी १८९३ पासून ठाण्यात असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करणार आहे. एकच शंका उरते: ज्येष्ठ सभासदांसाठी देवलांचे नाटक घ्यावे की मूळ नाटकाचे गद्य भाषांतर?

वाशी_नाट्यप्रेमी

चोरीच्या प्रसंगासाठी गद्य भाषांतर घ्यावे, कारण शर्विलकाचे सगळे तांत्रिक तपशील त्यात सलग वाचता येतात. देवलांची पदे ज्येष्ठ सभासदांना बहुधा पाठ असतील. ती त्यांनाच म्हणायला सांगावीत. तिसरा अंक कोणीतरी मोठ्याने वाचावा आणि मैत्रेयाच्या बरळण्याचे संवाद दुसऱ्या आवाजात द्यावेत, म्हणजे तो प्रसंग श्रोत्यांसमोर नीट उभा राहतो.