लॅपटॉपचं काय गेलं असं वाटलं होतं, आणि प्रत्यक्षात काय निघालं?

कडीकोयंडा

काल लेकीचा लॅपटॉप पलंगावरून पडला. चालू केला तर दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन काळी ठिक्कर. ती रडकुंडीला आलेली आणि मी, लाज वाटते सांगायला, हसत होते. कारण झाकण हळूहळू मागे नेताना एका ठरावीक कोनाला चित्र उमटलं, आणि बोटभर पुढे सरकवलं की गायब.

प्रबंध लिहीत होते तेव्हा माझा लॅपटॉप अगदी असाच होता. डावी बिजागरी तुटलेली. पाठीमागे एक जाडजूड शब्दकोश उभा करून त्याला झाकण टेकवलं तरच दिसायचं. आता गंमत बघा, शब्द अडला तर कोश बघायची सोय नाही, कारण कोश काढला की स्क्रीन गेली! चार महिने अडलेले शब्द टाळून टाळून लिहिलं. परीक्षकांचा शेरा आला, 'भाषा साधी व ओघवती'.

तेव्हा एकाने न उघडताच सांगितलं होतं, मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या. घेतला. वर्षभराने भाच्याने तो जुना डबा उगाच एचडीएमआयने टीव्हीला जोडला तर चित्र लख्ख! बोर्ड ठणठणीत, गेली होती ती बिजागरीतून स्क्रीनकडे जाणारी केबल. ती चुटपुट अजून आहे.

तर लिहा तुमचे अनुभव. लेकीच्या लॅपटॉपला मी अजून स्क्रूड्रायव्हर लावलेला नाही.

घाईत

आधी टॉर्च मार. खोलीत अंधार करून, स्क्रीनवर तिरका. आयकॉन पुसट दिसले तर पॅनेल जिवंत आहे, नुसता मागचा उजेड गेलाय. बाकी नंतर लिहिते, बेल वाजतेय.

वाचनमात्र

कोशाचा किस्सा 😂😂 माझ्या प्रबंधाला पण असा लॅपटॉप हवा होता.

पाऊणशहाणा

माझं ऐका आणि हसू नका. कीबोर्डवर पाणी सांडलं, लगेच बंद करून उलटा ठेवला, दोन दिवस हात लावला नाही. सगळं शास्त्रशुद्ध. चालू केला, कंपनीचं नाव झळकलं आणि स्क्रीन मंद मंद होत काळी. प्रत्येक वेळी तस्संच. मी पॅनेल बदलायच्या तयारीत. बायको म्हणाली अहो ते बटण बघा. उजेड कमी करायचं बटण आत चिकटून बसलं होतं, म्हणजे लॅपटॉप बिचारा दर वेळी आज्ञा पाळून स्क्रीन मंद करत होता. बाहेरचा कीबोर्ड लावला तरी उपयोग नाही, कारण आतलं बटण दाबलेलंच. बटणाखालचं साफ केल्यावर सुटलं.

निशाचर_२

आमच्याकडे भूत होतं. मी टाइप करत असलो की मधेच स्क्रीन बंद, लॅपटॉप झोपी. बहिणीने वापरला की काही नाही. ड्रायव्हर, विंडोज, सगळं परत टाकून झालं. शेवटी कळलं की माझ्या घड्याळाच्या पट्ट्याला चुंबकाची कडी आहे. झाकण बंद झालंय हे लॅपटॉपला चुंबकाच्या सेन्सरवरून कळतं, आणि तो सेन्सर नेमका माझ्या डाव्या मनगटाखाली. एका लॅपटॉपवर दुसरा ठेवून काम करणाऱ्यांनाही हा प्रसाद मिळतो.

कडीकोयंडा

निशाचर, 😄 घड्याळ बदललंस की लॅपटॉप?

घाईत, टॉर्च मारला. काही दिसत नाही, पुसटही नाही. पण कोन साधला की पूर्ण उजेडासकट दिसतं.

सोल्डरमामा

ताई, मग केबलच. उजेडाची लाइन आणि चित्राची लाइन दोन्ही त्याच एका केबलमधून जातात, म्हणून दोन्ही एकदम जातं आणि एकदम येतं. तरी आधी बाहेरचा मॉनिटर लावा. तिथे नीट दिसलं तर बोर्ड आणि ग्राफिक्स सुटले. तिथेही रेघा असतील तर गोष्ट वेगळी. तिथे काहीच नसेल तर रॅम (मेमरीची पट्टी) काढून परत बसवायची, पडल्यावर ती सैल होते, आणि तेव्हाही पंखा फिरतो पण स्क्रीन काळी असते.

रेघा दिसणाऱ्यांसाठी सोपी परीक्षा. स्क्रीनशॉट घ्या आणि फोनवर बघा. फोटोत रेघ नसेल तर पॅनेल किंवा केबल. बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावरही, रेघ असेल तर विंडोज परत टाकत बसू नका, तिथे विंडोजचा संबंधच नाही. डेलचं मशीन असेल तर डी दाबून ठेवून पॉवर बटण दाबायचं. स्क्रीन स्वतःच लाल, हिरवी, निळी असे रंग दाखवते. त्यातही रेघ आली की विषय संपला.

आता माझा गाढवपणा. शिकत होतो तेव्हा केबल बदलताना बॅटरीचा कनेक्टर काढला नाही. चार्जर काढलाय ना, झालं, असं वाटलं. केबल जरा तिरकी बसली आणि बोर्डावरचा उजेडाचा फ्यूज गेला. मोहरीएवढा भाग. दोन हजार पानं सापडतील त्यावर, पण शोधायला मला आठवडा लागला. तेव्हापासून बॅटरी आधी, मग बाकी सगळं. बॅटरी काढल्यावर पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरायचं, उरलीसुरली वीज निघून जाते.

नवीन पॅनेल मागवायचं तर लॅपटॉपचं मॉडेल सांगून चालत नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारची पॅनेल असतात. पॅनेल बाहेर काढून मागचं स्टिकर वाचा. त्यात १५६ दिसलं तर १५.६ इंच, १४० म्हणजे १४. आणि कनेक्टरच्या पिना मोजा. ३० पिनांच्या जागी ४० पिनांचं मागवून बसलेले किती तरी आलेत माझ्याकडे.

वाचनमात्र

मामा, चिरलेली स्क्रीन दुरुस्त होते का? कोपऱ्यात शाईसारखा डाग आहे आणि रोज थोडा मोठा होतोय.

सोल्डरमामा

नाही. आतली काच फुटलीय, डाग वाढतच जाणार. पॅनेल बदलायचं. तोवर बाहेरच्या मॉनिटरवर चालवा. कसं फुटलं?

वाचनमात्र

इअरफोन कीबोर्डवर राहिला आणि झाकण लावलं.

रेघोट्या

अरे देवा. मी कॅमेऱ्यावर सरकवायचं झाकण चिकटवलं होतं, त्याने गेली. वर २०२० मध्ये ॲपलने याचीच सूचना काढलेली नंतर वाचली, की छापायच्या कागदापेक्षा, म्हणजे ०.१ मिमीपेक्षा, जाड काही कॅमेऱ्यावर लावून मॅकबुक बंद करू नका. माझा मॅकबुक नव्हता पण काच ती काच. आता नुसती कागदी पट्टी आहे.

मीच_ती

स्क्रीनचा नाही पण लिहितेच. टचपॅड क्लिक होईना. जोर लावून दाबायचे. मग लक्षात आलं की टचपॅड एका बाजूने वर आलाय आणि टेबलावर लॅपटॉप डुगडुगतोय. बॅटरी फुगली होती!! मी त्या फुगलेल्या बॅटरीवर महिनाभर बोटाने दाब देत होते. कुणाचा टचपॅड असा बंड करत असेल तर आधी बाजूने बघा, चार्जर काढा, आणि ती बॅटरी टोचू-दाबू नका.

निशाचर_२

@कडीकोयंडा घड्याळ उजव्या हातात.

पाऊणशहाणा

मीच_ती, बापरे. सुटलात.

स्क्रू कुणाचे उरलेत का? माझे दर वेळी दोन उरतात. लॅपटॉप चालतोही. मग कंपनीने ते घातलेच का हा प्रश्न पडतो.

सोल्डरमामा

उरलेले परवडले, चुकलेले नाही. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर थेट बोर्डात जातो. कागदावर लॅपटॉपची आकृती काढा आणि जिथला स्क्रू तिथे चिकटपट्टीने चिकटवा.

जुनी_फाइल

इतकं सगळं वाचलं, डेटाबद्दल कुणीच बोललं नाही. माझा लॅपटॉप तर खरंच गेला होता, बोर्डासकट. शहाणपणा करून एसएसडी (फाइली असतात ती डिस्क) काढली, यूएसबीच्या डबीत घातली, दुसऱ्या लॅपटॉपला जोडली. समोर प्रश्न: बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) ४८ आकडी किल्ली द्या. कसली किल्ली? मी कधी काही लावलंच नव्हतं! बऱ्याच विंडोज मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. खातं कुठल्या ईमेलचं होतं हे आठवायला मला तीन दिवस लागले. वडिलांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो त्यात होते. मिळाले. पण ते तीन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही.

स्क्रीन काळी असली तरी मशीन चालू असेल तर आधी मॉनिटर लावून फाइली बाहेर काढा, मग काय ते उघडा.

रेघोट्या

🙏 आत्ता उठून खात्यात बघून आले. आहे किल्ली. कागदावर लिहून ठेवली.

पाऊणशहाणा

मी पण बघतो. आकडे ४८ आणि माझं अक्षर.. असो.

कडीकोयंडा

जुनी_फाइल, मिळाले हे वाचून हायसं वाटलं गं. तुझं वाचून आधी तेच केलं. मॉनिटर लावला, चित्र आलं (मदरबोर्ड गेला नाही!!!), लेकीचं सगळं बाहेर काढलं. मग मामांनी सांगितल्याप्रमाणे बॅटरी काढली, स्क्रीनभोवतीची चौकट नखाने सोडवली. केबल कनेक्टरपासून एका बाजूने निसटलेली, वरची चिकटपट्टी उघडी पडलेली. नीट बसवली, पट्टी परत दाबली. आता कुठल्याही कोनात दिसतंय. फक्त बिजागरीपाशी केबलचं आवरण जरा घासलंय, नवीन मागवावी का मामा?

आणि हो, एक स्क्रू उरलाय.

सोल्डरमामा

मागवून ठेवा, बदलायची घाई नको. उरलेला स्क्रू आखूड आहे की लांब?

कडीकोयंडा

आखूड. काळा. चपट्या डोक्याचा.

सोल्डरमामा

मग बिजागरीचा नाही. खालच्या झाकणाचा असेल, रबरी पायाखाली बघा.

घाईत

आले. काय झालं मग, टॉर्च मारला का?