भिंतीवर कासव काढून कासव वाचतं का?

खाडीपल्याड: जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर मुंबईच्या मुलांनी मे महिन्यात भलंमोठं कासव रंगवलं. निळं पाणी, हिरवंगार कासव, चेहऱ्यावर हसू. पाहुणे सेल्फी काढतात. मला तरी हा पैसा वाया गेलेला दिसतो. त्याच भिंतीखाली रोज मासळी उतरते, ती आणणाऱ्यांपैकी कुणाला जाळं ओढताना हे चित्र आठवत असेल?

शेवरी: घाई करताय. मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. तिथे 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले आणि तो महोत्सवच झाला. माणसाच्या मनात आधी काहीतरी हलावं लागतं. ते बघण्यानेच हलतं.

रापणकर: तिथे घराघरांत पाहुणे राहूक लागले, चार पैसे मिळूक लागले, म्हणून अंडी राहिली. तेका कला म्हणतास?

आणि बघून माणूस बदलत असता तर आपण कधीच सुधारलो असतो. देवळात शिरताना सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून नमस्कार, आणि वाळूत खुणा दिसल्या की अंडी उकरून घरी. दोन्ही एकाच माणसाने केलेलं मी लहानपणी पाहिलंय. (माझाच काका. आता हयात नाही, म्हणून लिहितोय.)

गंजिफा१२०: मुद्दा झोंबला. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात, म्हणजे पत्त्यांच्या जोडात, दहा अवतारांची 120 पानं, त्यातली बारा कूर्माची. त्या गोल पानांवर हातांनी कासवं रंगवणारे आपणच. पण तिथे कासव म्हणजे देव, जाळ्यात अडकून गुदमरणारं जनावर नव्हे. चित्रात काय दाखवलंय यावर सगळं आहे. मी ती भिंत पाहिली. पाठीवरच्या मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना चार-चारच खवले काढलेत, म्हणजे ते हिरवं समुद्री कासव. आपल्याकडे अंडी घालायला येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले. त्याला प्रत्येक बाजूला सहा किंवा जास्त, आणि रंग मळकट राखाडी-हिरवा. इंटरनेटवरून उचललेलं दिसतं.

शेवरी: खवले मोजत कोण बसतंय?

रापणकर: आम्ही. रोज बघतो ना.

जाळ्यात कासव गावला तर जाळा कापूचा लागता. जाळ्याचो खर्च कोण देतलो? डिसेंबर 2018 पासून सरकार 25 हजारांपर्यंत भरपाई देतं, पण फोटो काढून अर्ज करावा लागतो हे आमच्या अर्ध्या लोकांना माहीत नाही. दुसरं, वर काढल्यावर कासव हालचाल करत नसलं तर मेलं समजून लगेच पाण्यात ढकलतात. ते बुडूनच मरतं. पोटावर ठेवायचं, मागची बाजू थोडी उंच, सावलीत, अंगावर ओलं फडकं. बरीच शुद्धीवर येतात, मग सोडायचं. हे काढा भिंतीवर.

शेवरी: मग तो सरकारी फलक झाला. त्याच्यापुढे कोण थांबणार?

गंजिफा१२०: पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून अख्खी गोष्ट सांगतात, तिथे लोक थांबतात. जाळं कापण्यापासून कासव सोडण्यापर्यंतची गोष्ट पाच-सहा चित्रांत बसेल की.

खाडीपल्याड: पावसाने अर्धा रंग गेलाच आहे. मुलं दिवाळीनंतर परत येतायत म्हणे. रापणकर, तुम्ही येऊन सांगाल का त्यांना?

रापणकर: येतंय. पण पैसे वाया हेच माझा म्हणणा. आणि पयला ता हसू पुसा.