मदत हवी आहे: साडेतीन दिवसांच्या उंदराच्या भ्रूणात लाल-हिरवी खिचडी, माझं काय चुकतंय?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टवर अडकले आहे, जाणकारांनी जरा मार्ग दाखवा.

साडेतीन दिवसांचे नऊ भ्रूण मादीच्या गर्भाशयातून धुऊन काढले. (दहावा पिपेटला चिकटला आणि गेला. जेमतेम ०.१ मिलिमीटरची वस्तू, हरवली की हरवलीच.) पेशी पुढे काय होणार हे दाखवणारी दोन प्रथिनं रंगवली: नॅनॉगला हिरवा रंग, गाटा-६ ला लाल. केंद्रकांना डॅपी या रंगद्रव्याचा निळा.

पुस्तकातल्या चित्रात आतल्या पेशींच्या गोळ्यात सुबक थर असतात: भ्रूणातल्या द्रवाच्या पोकळीकडे प्रिमिटिव्ह एंडोडर्मचा (ज्यातून पुढे पीतक पिशवी होते) लाल थर, त्यामागे एपिब्लास्ट (ज्यातून पिल्लू घडतं) हिरवा. माझ्याकडे मात्र डाळ-तांदूळ एकत्र केल्यासारखं. एका भ्रूणात तर आतली जवळजवळ प्रत्येक पेशी लालही आणि हिरवीही, म्हणजे पिवळी! सर म्हणाले अँटिबॉडी (रंग ठरावीक प्रथिनालाच चिकटवणारा रेणू) जुनी झाली असेल, परत कर. परत केलं. तेच.

दुसरा गोंधळ: टार्कोव्स्की आणि व्रुब्लेव्स्का या संशोधकांचं १९६७ चं म्हणणं असं, की पेशी कुठे बसली आहे त्यावर तिचं भवितव्य ठरतं. बाहेरची ट्रोफेक्टोडर्म होऊन वारेच्या कामाला लागते, आतली आतल्या गोळ्यात जाते. मग पुढच्या वाटणीतही (आतल्या गोळ्याची लाल आणि हिरव्यात) पोकळीला लागून असलेलीच लाल व्हायला हवी ना? खोल आत लाल पेशी काय करतायत?

चिंचगूळ: अँटिबॉडी टाकू नका, तुमचे भ्रूण शहाणे आहेत. ही खिचडी खरीच असते. शाझो, रॉसां वगैरेंनी २००६ मध्ये दाखवली. इथे गणित बरंचसं उलटं आहे: आधी पेशीचा कल ठरतो, मग ती जागा शोधते. नॅनॉगवाल्या पेशी एफजीएफ४ हे इशारा देणारं प्रथिन सोडतात, शेजारणीने तो इशारा घेतला की तिथे गाटा-६ वरचढ होतो. इशारा औषधाने अडवला तर आतला सगळा गोळा हिरवा, वरून एफजीएफ४ भरपूर ओतला तर सगळा लाल. नंतर लाल पेशी सरकत पोकळीकडे येतात, सुपात पाखडल्यासारख्या.

आणि दिवस मोजू नका, पेशी मोजा. एकाच मादीचे भ्रूणही मागेपुढे असतात. साधारण ३२ पेशींच्या आसपास दोन्ही रंग एकाच पेशीत, ६४ च्या पुढे वेगवेगळ्या पण मिसळलेल्या, शंभर ओलांडल्यावर थर.

मावळा७२: +१. आणि पोकळीचा काहीच हात नाही असंही नाही हं. तिथे पोचलेली लाल पेशी टिकते, आत अडकलेली कधी रंग बदलते, कधी मरते. प्लुसा वगैरेंनी २००८ मध्ये जिवंत भ्रूणांत हे होताना पाहिलं. मी स्वतः मात्र फळमाश्यांवर काम करणारा (ड्रोसोफिला), तेव्हा माझं बेतानेच घ्या.

धागाकर्ती: काल रात्री बसून डॅपीची निळी केंद्रकं मोजली. पिवळा भ्रूण ३८ पेशींचा! खिचडीवाले सहा ६१ ते ८४ मध्ये. उरलेले दोन शंभरच्या वर, आणि त्यांत पोकळीच्या कडेला लाल रेघ आहे. आधी लक्षच गेलं नव्हतं, मी खिचडीकडेच बघत बसले. ११२ पेशींच्या भ्रूणात एक लाल पेशी अजून आत आहे, तिच्या केंद्रकाचे तुकडे झाल्यासारखे दिसतायत. ही मावळा म्हणतात ती मरणारी का? सरांना आत्ताच दाखवू?

चिंचगूळ: बहुतेक तीच. पण एका पेशीवर नको. त्या भ्रूणाचे सूक्ष्मदर्शकातले सगळे काप (थरागणिक घेतलेली चित्रं) एकेक करून बघा, आणि अजून एक खेप काढा. दहावा जपून.