मदत हवी आहे: पंधरा वर्षांची गाडी दुरुस्त करू की काढून टाकू?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०११ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सेकंडहँड घेतलेली. आतापर्यंत १,१८,००० किमी झालेत. कराडहून चिपळूणला गावी महिन्यातून एकदा जाणं, बाकी भाजी-बाजार. गेल्या महिन्यात कुंभार्ली घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर गेला. कूलंट कमी झालेलं, पण खाली गळती कुठेच नाही. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील) गेलंय, शिवाय क्लच प्लेटही संपत आलीय. दोन्ही मिळून ३८ हजार! गाडी विकायला काढली तर ७० हजारांच्या वर कोणी बोलत नाही.

वर १५ वर्षं भरली की आरसीचं नूतनीकरण आलंच: फिटनेस, ५,००० फी, ग्रीन टॅक्स वेगळा. पास झाली तर पुढची पाच वर्षं मिळतील. पत्रा ठीक आहे, फक्त दाराखाली कोकणातल्या पावसाने थोडा गंज धरलाय.

गॅस्केट गेल्याची नेहमीची लक्षणं मात्र दिसत नाहीत: ऑइल दुधाळ झालेलं नाही, पांढरा धूरही नाही. मग खरंच गॅस्केटच असेल का? हेड उघडण्याआधी कूलंटची प्रेशर टेस्ट करून घ्यावी का? नव्या हप्त्याची सध्या हिंमत नाही, आणि बाबांचा जीव अडकलाय तिच्यात, तेही आहेच. कराड-साताऱ्याकडे भरवशाचा मेकॅनिक माहीत असेल तर कृपया सांगा.