अनुभव धागा: ऑफरमधल्या वस्तूंची दिवाळी बुट्टी, ₹२५०च्या आत

टिळकवाडीकर (धागा सुरू करताना)

आमच्या बेळगावात दिवाळीला शेजारीपाजारी, क्लासच्या बाई, घरकामाच्या मावशी, वॉचमन असं मोजत गेलं की वीस-पंचवीस घरं सहज होतात. तयार हॅम्पर उघडलं की वरचा थर सोडून खाली नुसता कागद. म्हणून कूपन, सूट, एकावर एक फुकट यातून जमवलेल्या वस्तूंची बुट्टी (बांबूची छोटी टोपली) घरी बांधणाऱ्यांनी इथं लिहा. मापं, दर, कुठं फसतं, एवढंच. 'भावना महत्त्वाची' हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सुरुवात मीच करते. ₹२५०ची वाटणी अशी: बुट्टी आणि बांधणी मिळून ₹६०, खाण्याच्या वस्तू ₹१५०, एक टिकाऊ वस्तू ₹४० (पणत्यांचा जोड, छोटा डबा, नॅपकिन). बांधणी साठाच्या वर गेली तर आधी तीच कमी करा, खाऊ नको. वस्तू पाच पुरेत. सातच्या वर गेल्या की ती भेट दिसत नाही, किराणा दिसतो.

मच्छे फाटा

ऑफर म्हणजे स्वस्त हे डोक्यातून काढा आधी. पाकिटावर एमआरपीजवळ एका ग्रॅमचा दर छापलेला असतो, तो वाचायचा. समजा सणाचं चित्र असलेला २०० ग्रॅम बिस्किटांचा डबा ₹९९ला आहे आणि तीच बिस्किटं साध्या पाकिटात १५० ग्रॅम ₹३०ला. म्हणजे २०० ग्रॅम बिस्किटं ₹४०ची, उरलेले ₹५९ पत्र्याच्या डब्याचे. डबा हीच तुमची टिकाऊ वस्तू धरणार असाल तरी चाळिसाच्या वर १९ गेलेच.

कूपनचं: '₹९९९च्या वर १० टक्के, कमाल ₹१००' असं असेल तर ₹२,२००च्या एका बिलावरही शंभरच सुटतात. ₹१,१००ची दोन बिलं केली की दोनशे. बहुतेक कूपन एका नंबरावर एकदाच चालतं, मग दुसरं बिल घरातल्या दुसऱ्या नंबरावरून. त्यातून डिलिव्हरी आणि हाताळणी शुल्क दोनदा लागतंय का ते आधी बघा, नाहीतर सुटलेले शंभर तिथंच जातात. कॅशबॅक सूट म्हणून धरू नका. तो बहुतेक वेळा पुढच्या खरेदीलाच वापरता येतो आणि दिवाळीनंतर मुदत संपते. किमान रक्कम भरायला ₹८० कमी पडत असतील तर साखर, तेल, मीठ टाका. चॉकलेट टाकलं की ते बुट्टीत जात नाही, पोरं खातात.

मागच्या वहीतले दर बाद झालेत तेही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५पासून बिस्किटं, चॉकलेट, साबण, शाम्पू यांचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, बराचसा सुकामेवा आणि नमकीन यांचा १२ वरून ५ वर. जुन्या एमआरपीवर 'भरघोस सूट' म्हणून कुणी दाखवलं तर नव्या एमआरपीशी ताडून बघा.

शहापूरची काकू

मल्टीपॅकमध्ये एक मेख आहे, ती कुणी सांगत नाही. चार साबणांवर एक फुकट, किंवा सहा छोट्या पाकिटांचा जुडगा. बाहेरच्या वेष्टनावर तारीख आणि एमआरपी असते, आतल्या सुट्या नगावर कधी कधी नसतेच, 'सुटे विकण्यासाठी नाही' एवढंच असतं. वेष्टन फाडून टाकलं की तारीख गेली. कात्रीनं तेवढा तुकडा कापून ठेवा, बुट्टीतल्या शुभेच्छांच्या चिठ्ठीवर तारीख लिहा.

तारखेचा माझा नियम: भाऊबीजेपासून पुढं दोन महिने शिल्लक पाहिजेत. लोक बुट्टी लगेच फोडत नाहीत, आधी घरचा फराळ संपवतात. दुकानात ५० टक्के सूट असलेल्या फळीवर बहुतेक महिन्याभरात संपणारा माल असतो. घरी खायला घ्या, द्यायला नको. ऑनलाइन विक्रेत्यांना अन्न सुरक्षा प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४मध्ये सांगितलंय की माल हातात पडताना आयुष्याचा ३० टक्के भाग किंवा ४५ दिवस तरी शिल्लक असावेत. म्हणजे सप्टेंबरात मागवलेलं पाकीट दिवाळीपर्यंत काठावर येऊ शकतं. सुकं खाणं शेवटच्या दहा दिवसांत मागवा, साबण-नॅपकिन आधी.

आणि साबण, उदबत्ती खाण्याबरोबर ठेवू नका. तुपातेलाचे पदार्थ वास ओढून घेतात. उदबत्तीचं पाकीट बंद असलं तरी दोन दिवसांत चिवडा देवघरासारखा लागतो. एकतर सगळी खाण्याची बुट्टी, नाहीतर सगळी न्हाणीची.

नंदगडी

बुट्टीबद्दल लिहितो. बुरुडाला सांगताना तीन गोष्टी सांगायच्या: तोंड ८ इंच, खोली ३ इंच, बूड चपटं. शेवटची विसरलात तर भाकरीच्या बुट्टीसारखं गोल बूड येतंय आणि टेबलावर ठेवली की डुलतंय. दसऱ्याच्या आधी सांगून ठेवा, वीस नग एकदम घेतले की दर तुटतोय.

ताज्या विणलेल्या बुट्टीत ओल असते. सावलीत, वारं लागेल तिथं पाच-सहा दिवस पालथी ठेवायची. ओलीच बांधली तर आतून पांढरी बुरशी धरते. घाई करून कडक उन्हात टाकली तर कांब उकलते. वाळल्यावर हात फिरवा, टोचणारी टोकं पॉलिश पेपरनं घासा. जुन्या साठ्यातली बुट्टी असेल तर पांढऱ्या कागदावर आपटून बघा. पिठासारखी भुकटी पडली तर आत किडा आहे, परत करा.

भरताना खाली पुठ्ठ्याचा छोटा खोका पालथा घालायचा, म्हणजे वस्तू वर येतात आणि बुट्टी भरलेली दिसते. त्याच्या कडेनं भाताचं पिंजर (वाळका पेंढा). फुकट असतंय, दिसतंयही छान, खरं दोन दिवस उन्हात तापवल्याशिवाय घालू नका, सोंडे (धान्यातले किडे) निघतात. उंच वस्तू मागं, जड मधोमध. जड एका अंगाला गेलं की उचलताना कलंडणार.

गणपत गल्ली

वरून गुंडाळायला जिलेटिन पेपर स्वस्तात कुठं मिळेल?

शहापूरची काकू

त्याच्या नादाला लागू नका. बाजारात जिलेटिन म्हणून मिळतो तो बहुतेक प्लास्टिकच असतो. मिठाईच्या डब्यावर गुंडाळायच्या प्लास्टिकवर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे. आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्याच्या आत घाम धरतो.

ब्लाउजपीस वापरा. सेलमध्ये गठ्ठ्यानं घेतले तर परवडतात. साधारण ८० सेंटीमीटरचा चौरस तुकडा ८ इंची बुट्टीला बरोबर पुरतो: मधोमध बुट्टी ठेवायची, समोरासमोरचे दोन कोपरे आधी बांधायचे, मग उरलेले दोन वरून. १० इंची बुट्टीला गाठ बसत नाही, ओढाताण होते. गुळेदगुड्ड खणाचा तुकडा मिळाला तर वेगळी शोभा लागतच नाही, आणि तो घेणारीच्या कामाला येतो. मग टिकाऊ वस्तू वेगळी द्यायला नको, तिचे ₹४० इकडं वळवा.

घरचा चिवडा-चकली घालणार असाल तर पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत. कोमट भरलं की वाफ धरून मऊ पडतं. ६ बाय ८ इंची पिशवीत १५० ग्रॅम चिवडा, वर दोन इंच मोकळी जागा. सीलिंग मशीन नसेल तर हॅक्सॉ ब्लेड आणि मेणबत्ती: पिशवीचं तोंड दोन ब्लेडांमध्ये सपाट धरा, कडा दोन-तीन मिलिमीटरच बाहेर ठेवा आणि ज्योतीच्या खालच्या निळ्या भागापाशी एका झटक्यात डावीकडून उजवीकडं न्या. कडेवर बारीक मण्यासारखी रेघ उठली की सील झालं. पिवळ्या टोकावर धरलं तर काजळी, रेंगाळलात तर भोक. मग पिशवी हलकी दाबा, हवा सुटली तर पुन्हा.

निपाणकर

आमच्या इकडं निपाणी-चिकोडी भागात जैन घरं बरीच. त्यांच्या बुट्टीत बटाट्याचे वेफर्स, लसणाचा चिवडा, आल्याच्या वड्या, मध नको. ऑफरमध्ये वेफर्सच जास्त येतात, म्हणून ते आधीच वेगळे काढा. तिथं मुरमुरे, मूगडाळ, खाकरा. केक-कुकीजवर हिरवा ठिपका बघाच, तपकिरी त्रिकोण म्हणजे आत अंडं असणार.

चिठ्ठी दोन्ही बाजूंनी लिहा: एकीकडं 'दिवाळीच्या शुभेच्छा', दुसरीकडं 'दीपावळी हब्बद शुभाशयगळु', ही बाजू कन्नड लिपीत. एकाच छापातून सगळी घरं भागतात.

खानापूर लोकल

सुटा माल बेळगावच्या रविवार पेठेतून घ्या, पाच-सहाजणी मिळून. दोन किलो मनुका, दोन किलो भाजके शेंगदाणे, एक किलो खजूर असं घेऊन वाटून घेतलं की कूपनपेक्षा स्वस्त पडतं. कर्नाटकातल्या बायकांना ११ जून २०२३पासून राज्याच्या साध्या बसला तिकीट नाही, त्यामुळं खानापूर, हुक्केरीहून जाण्याचा खर्च धरावा लागत नाही. ओळखपत्र तेवढं बरोबर असू द्या.

पणत्या इथल्याच मातीच्या घ्या. दोन तास पाण्यात बुडवून वाळवून मग द्या, तेल कमी पितात. एकात एक रचून ठेवू नका, प्रत्येकीला कागद. छापील पेपर पणत्यांना चालेल, खाण्याला लागू देऊ नका.

मच्छे फाटा

पुण्या-मुंबईला पाठवणाऱ्यांसाठी: बुट्टी पाठवू नका. कुरिअरवाले बहुधा लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची (सेंटीमीटरमध्ये) भागिले ५,००० असं वजन काढतात, आणि खरं वजन व हे यातलं जास्त असेल ते लावतात. बुट्टीचा खोका ३० × ३० × २५ झाला की साडेचार किलो, आत माल सव्वा किलोचा. तोच माल ३० × २० × १० च्या चपट्या खोक्यात घातला की मापाचं वजन १.२ किलो, म्हणजे खरं सव्वा किलोच लागतं. करदंट (गूळ, डिंक, सुकामेव्याची वडी), सुकामेवा, खणाचा तुकडा एवढं पाठवा. करदंटाच्या तुकड्यांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर गूळ पाझरून एकच ढेप होते. चॉकलेट नको. गाडीत वितळून परत गोठलं की वर पांढरा थर येतो, आणि घेणाऱ्याला ती बुरशी वाटते.

टिळकवाडीकर

आणि कुंदा? बेळगावची बुट्टी आणि कुंदा नाही, असं कसं चालेल?

शहापूरची काकू

चालेल. दुधाचा पदार्थ तो, चार-पाच दिवसांच्या पुढं बाहेर ठेवायचा नाही. बुट्ट्या आपण आठवडाभर आधी बांधतो. बुट्टी द्यायला जाल त्या सकाळी पाव किलोचा डबा घ्या, हातात वेगळा द्या आणि फ्रिजमध्ये ठेवायला सांगा.